झाडांत औषध कसें सांपडतें?

श्रोतेहो, वनस्पति आणि औषध हे दोन शब्द आपल्या घरांत इतके जवळजवळ नांदत आले आहेत कीं, त्यांच्यामध्यें कांहीं अंतर आहे हें सहसा आपल्या ध्यानांतच येत नाहीं. खोकला झाला कीं अडुळसा, पोट बिघडलें कीं ओंवा, सर्दी झाली कीं गवती चहा आणि आलें. हा आपल्या स्वयंपाकघरांतला दवाखाना आहे, आणि किरकोळ दुखण्यांत तो उपयोगीं पडतो याविषयीं वाद नाहीं. परंतु घरांतल्या कोणाला कर्करोगासारखा दारुण रोग झाला म्हणजे दोन टोकांचीं मतें ऐकूं येऊं लागतात. एक जण सांगतो, "आपल्या रानांत सर्व रोगांवर औषध आहे. अमक्या पाल्याचा रस द्या. त्या सुया नि सलाइनें हवींत कशाला?" दुसरा म्हणतो, "झाडपाल्यांत काय ठेवलें आहे? खरें औषध प्रयोगशाळेंतच तयार होतें."

आश्चर्य असें कीं, हीं दोन्ही मतें अर्धवट खरीं आहेत, आणि म्हणूनच फसवीं आहेत. कर्करोगाच्या रुग्णालयांत रोग्याच्या शिरेंतून थेंबथेंब सोडलीं जाणारीं कित्येक प्रमुख औषधें मूळचीं झाडांतूनच आलेलीं आहेत. पण झाडापासून त्या बाटलीपर्यंतची वाट वीस-वीस, तीस-तीस वर्षांची आहे, आणि त्या वाटेवर झाडांतल्या द्रव्यावर जे संस्कार होतात त्यांनींच त्याचें औषध होतें. ही वाट कशी असते, तिच्यावर कोणते खांचखळगे आहेत, आणि तिचा आपल्या सह्याद्रीशीं काय संबंध आहे, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम रोगाविषयीं दोन शब्द. आपलें शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. जुन्या पेशी मरतात आणि एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा रीतीनें नव्या पेशी त्यांची जागा घेतात. हें काम शिस्तीनें चालतें. जखम भरून आली कीं तेथील पेशींचें वाढणें थांबतें. कर्करोगांत कांहीं पेशी ही शिस्त मोडतात आणि थांबण्याचें नांवच घेत नाहींत. विषमज्वरासारख्या जंतुजन्य रोगांत शत्रु बाहेरचा असतो. त्या जंतूची घडण आपल्या पेशींहून वेगळी असल्यामुळें, त्याला मारील पण आपल्याला मारणार नाहीं असें औषध शोधणें तुलनेनें सोपें जातें. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच पेशींची वाट चुकलेली बहीण आहे. तिला मारणारें द्रव्य इतर पेशींनाही थोडेंबहुत भोंवणारच. म्हणून कर्करोगावरील औषधाचा शोध हा पुष्कळ अंशीं योग्य विषाचा आणि त्याच्या योग्य मात्रेचा शोध असतो.

विषाचा शोध घ्यावयाचा तर वनस्पतीसारखें दुसरें भांडार नाहीं. झाडाला पाय नाहींत. किडा पान कुरतडूं लागला, गुरें खाण्यास आलीं किंवा बुरशी चढली, तर त्याला पळून जातां येत नाहीं. जें संरक्षण करावयाचें तें जागच्या जागीं उभें राहूनच. त्याकरितां झाडें आपल्या पानांत, सालींत आणि मुळांत नाना प्रकारचीं कडू आणि विषारी द्रव्यें तयार करून ठेवतात. हीं द्रव्यें कोट्यवधि वर्षांच्या झगड्यांत पारखून निघालेलीं असतात, आणि त्यांतील कांहीं नेमकीं पेशीच्या वाढीच्या यंत्रावरच घाव घालतात. झाडानें तीं आपल्यासाठीं केलेलीं नाहींत. तीं आपल्या उपयोगीं पडावींत हा आपला प्रयत्न आहे.

अशीं द्रव्यें शोधण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग लोकांच्या अनुभवाचा. त्याचें प्रसिद्ध उदाहरण आपल्या प्रत्येक अंगणांत आणि गॅलरींतल्या कुंडींत आहे: सदाफुली. ही मूळची मादागास्करची. पण जगांतल्या सर्व उष्ण प्रदेशांत ती पसरली आहे, आणि ठिकठिकाणचे लोक तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत आले आहेत. १९५२ सालीं कॅनडांत डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे जमेका बेटावरून एक पाकीट आलें. त्यांत सदाफुलीचीं पंचवीस पानें होतीं, आणि तिकडचे लोक मधुमेहासाठीं ह्यांचा चहा करून पितात असा निरोप होता. क्लार्क यांनीं तीं पानें आपले बंधु रॉबर्ट नोबल यांना दिलीं. हे वेस्टर्न ऑन्टेरियो विद्यापीठांत संशोधन करीत होते.

रॉबर्ट नोबल यांनीं पानांचा अर्क उंदरांना पाजून पाहिला. रक्तांतली साखर कांहींच हालली नाहीं. मग त्यांनीं तोच अर्क टोंचून दिला, तेव्हां उंदीर थोड्याच दिवसांत जंतुसंसर्गानें मेले. एखाद्यानें येथें प्रयोग सोडून दिला असता. नोबल यांनीं मात्र उंदीर का मेले हें पाहिलें. रोगजंतूंशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांच्या रक्तांत फारच थोड्या उरल्या होत्या. रक्ताच्या कर्करोगांत ह्याच पेशी बेसुमार वाढतात. तेव्हां त्यांना कमी करणारें द्रव्य त्या रोगावर चालवून पाहण्यासारखें होतें. पुढें चार्ल्स बीअर ह्या रसायनज्ञाच्या साहाय्यानें त्या अर्कांतून व्हिन्ब्लास्टिन हें द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें निघालें आणि १९५८ सालीं हें संशोधन जगापुढें आलें. त्याच सुमारास अमेरिकेंतील एलाय लिली कंपनीचे शास्त्रज्ञही सदाफुलीवर काम करीत होते. त्यांना तिच्यांतच व्हिन्क्रिस्टिन हें दुसरें द्रव्य मिळालें. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर इतर औषधांच्या जोडीनें देण्यांत येणारें तें एक प्रमुख औषध आहे. एके काळीं बहुधा प्राणघातक ठरणाऱ्या ह्या रोगांतून, चांगले उपचार मिळाले तर, बहुसंख्य मुलें आज बरीं होतात.

ह्या गोष्टींतला एक धडा लक्षांत ठेवावा. लोकांचा अनुभव संशोधकाला दारापर्यंत घेऊन आला; पण आंत जें सांपडलें तें लोकांनीं सांगितलेलें नव्हतें. काढा मधुमेहाचा होता आणि औषध कर्करोगाचें निघालें. शिवाय तोंडावाटें दिलेल्या अर्कानें जें झालें नाहीं, तें टोंचून दिल्यावर झालें.

दुसरा मार्ग चाळणीचा. कोणाचें कांहीं सांगणें असो वा नसो, जितक्या वनस्पति हातीं येतील तितक्यांचे अर्क काढावयाचे आणि प्रत्येक पारखून पाहावयाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें तेथील शेतकी खात्याच्या सहकार्यानें १९६० ते १९८२ पर्यंत हें काम फार मोठ्या प्रमाणावर केलें. त्या काळांत वनस्पतींचे सुमारे ३५,००० नमुने गोळा झाले आणि त्यांचे एक लाखाहून अधिक अर्क तपासले गेले. ह्या अफाट राशींतून अखेरीस रोग्यापर्यंत पोंचलेलीं द्रव्यें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच आहेत. त्यांतील दोहोंच्या शोधांत खानदेशांतल्या एका सुपुत्राचा हात होता.

डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालीं नंदुरबार येथें झाला. मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्रांतली पदवी घेऊन पुढें ते अमेरिकेस गेले, आणि १९६२ सालीं नॉर्थ कॅरोलायनांतील रिसर्च ट्रायँगल इन्स्टिट्यूट ह्या संस्थेंत डॉ. मन्रो वॉल यांच्या हाताखालीं रुजू झाले. वॉल यांच्याजवळ एक जुनें कोडें होतें. पूर्वीं ते शेतकी खात्यांत असतांना त्यांनीं सुमारे हजार वनस्पतींचे अर्क कर्करोग संस्थेकडे तपासणीस पाठविले होते. त्यांतला एकच अर्क विलक्षण प्रभावी ठरल्याचें त्यांना १९५८ सालीं कळलें. तो एका चिनी वृक्षाचा होता. ह्या वृक्षाला चीनमध्यें 'आनंदवृक्ष' अशा अर्थाचें नांव आहे, आणि शास्त्रीय भाषेंत कॅम्प्टोथेका म्हणतात. कॅलिफोर्नियांतील चिको येथील सरकारी बागेंत तो लावलेला होता.

अर्कांत शेंकडों द्रव्यें एकत्र असतात. त्यांतलें नेमकें कोणतें काम करतें हें कसें ओळखावें? पंक्तींत जेवून उठल्यावर चार जणांना उलट्या होऊं लागल्या, तर आपण कोणी काय खाल्लें हें विचारून एकेक पदार्थ वगळीत जातों. रसायनज्ञाची रीतही अशीच आहे. तो अर्काचे पाण्यांत, अल्कोहोलांत, क्लोरोफॉर्ममध्यें विरघळणारे असे भाग पाडतो आणि प्रत्येक भाग रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांना देऊन पाहतो. ज्या भागानें उंदीर अधिक दिवस जगतात तो ठेवतो, बाकीचे टाकून देतो. ठेवलेल्या भागाचे पुन्हां भाग पाडतो, पुन्हां उंदीर, पुन्हां दिवस मोजणें. अखेरीस एकच शुद्ध द्रव्य हातीं येईपर्यंत हें चालतें. प्रत्येक फेरीला आठवड्यांमागून आठवडे लागतात, आणि किलोंनीं घेतलेल्या लाकडांतून शेवटीं चिमूटभर स्फटिक उरतात. वॉल आणि वाणी यांनीं ह्या रीतीनें काढलेल्या द्रव्याची रचना १९६६ सालीं प्रसिद्ध केली. त्याचें नांव कॅम्प्टोथेसिन.

येथें गोष्ट संपली असती तर ती फारच सुखाची झाली असती. खरें संकट पुढेंच होतें. कॅम्प्टोथेसिन पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, आणि जें विरघळत नाहीं तें शिरेंतून देतां येत नाहीं. म्हणून त्याच्या रचनेंतलें एक कडें उघडून त्याचा सोडियमचा क्षार बनविण्यांत आला. तो पाण्यांत सुरेख विरघळला. १९७० च्या सुमारास तो रोग्यांना देऊन पाहण्यांत आला. कांहींच्या गाठी ओसरल्या. पण कित्येकांच्या मूत्राशयांतून रक्त जाऊं लागलें, शरीरांतील रक्तपेशी घटल्या, आणि हे हाल सोसून मिळणारा लाभ अगदींच थोडा ठरला. प्रयोग थांबविण्यांत आले. जें द्रव्य उंदरांत इतकें गुणकारी, तें माणसांत असें का वागावें, याचें उत्तर त्या वेळीं कोणापाशींही नव्हतें. कॅम्प्टोथेसिन दहा-बारा वर्षें मागें पडलें.

तें पुन्हां वर आलें तें १९८५ सालीं. ह्या द्रव्याचा घाव पेशींत नेमका कोठें बसतो याचा उलगडा त्या वर्षीं झाला. तो थोडक्यांत असा. प्रत्येक पेशींत तिच्या घडणीची पोथी डीएनए नांवाच्या दुहेरी धाग्यावर लिहिलेली असते. हे दोन धागे दोरीच्या पेडांप्रमाणें एकमेकांभोंवतीं वळलेले असतात. पेशी दुभंगण्यापूर्वीं ह्या पोथीची नक्कल व्हावी लागते, आणि त्यासाठीं पेड सोडवावे लागतात. सुंभाच्या दोरीचे पेड मधूनच ओढून सोडवूं लागलें कीं पुढचा पीळ घट्ट होत जातो, गांठी पडतात. पेशींत हा पीळ सैल करणारें एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. टोपोआयसोमरेज हें त्याचें नांव. तें एक पेड क्षणभर कापतें, पीळ फिरून जाऊं देतें आणि कापलेला पेड पुन्हां जोडतें. कॅम्प्टोथेसिन नेमकें ह्या कापलेल्या फटींत पाचरीसारखें शिरून बसतें. पेड जोडला जात नाहीं. नक्कल करणारी यंत्रणा धांवत येऊन त्या तुटलेल्या जागीं आदळते आणि पेशी मरते. जी पेशी दुभंगण्याच्या घाईंत आहे तिच्यावर हा आघात सर्वांत अधिक होतो, म्हणून कर्करोगाच्या पेशी अधिक मरतात. पण केसांच्या मुळांतील, आंतड्याच्या अस्तरांतील आणि अस्थिमज्जेंतील निरोगी पेशीही झपाट्यानें वाढणाऱ्या असल्यामुळें त्यांनाही झळ लागते. केस गळणें, जुलाब होणें आणि रक्तपेशी कमी होणें हे त्रास कशामुळें होतात, हें आतां आपल्या ध्यानांत येईल.

मागच्या अपयशाचें कारणही हळूहळू स्पष्ट झालें. तें कडें बंद असतांनाच द्रव्य काम करतें. उघडल्यावर तें जवळजवळ निष्क्रिय असतें. रोग्याला दिलेला क्षार रक्तांत निरुपयोगी फिरत राही, आणि मूत्राशयांत पोंचल्यावर तेथील आम्लतेमुळें कडें पुन्हां बंद होऊन भलत्याच ठिकाणीं जागा होई. दोष ओळखल्यावर उपाय करतां आला. कडें बंद ठेवून, द्रव्याच्या दुसऱ्या अंगाला विरघळण्यास मदत करणारा भाग जोडण्यांत आला. अशा रीतीनें इरिनोटेकान हें औषध जपानमध्यें याकुल्त कंपनीनें तयार केलें व तेथें त्याला १९९४ सालीं मान्यता मिळाली. अमेरिकेंत तें १९९६ सालीं मोठ्या आंतड्याच्या कर्करोगासाठीं आलें. त्याच वर्षीं टोपोटेकान हें दुसरें औषध बीजाशयाच्या कर्करोगासाठीं मान्य झालें. पहिल्या अर्कापासून येथवर अडतीस वर्षें लोटलीं होतीं.

आतां चीन, अमेरिका आणि जपान सोडून आपण आपल्या डोंगरांत येऊं. कारण कॅम्प्टोथेसिन एकट्या आनंदवृक्षांतच असतें असें नाहीं. महाबळेश्वर, आंबोली, कोयनेचें खोरें अशा सह्याद्रीच्या पावसाळी रानांत एक लहानसें झाड वाढतें. त्याच्या फुलांना दुर्गंधि येते, आणि मराठींत त्याला नरक्या म्हणतात. शास्त्रज्ञांनीं दिलेल्या जुन्या नांवांतही 'दुर्गंधी' ह्या अर्थाचाच लॅटिन शब्द होता. आजचें नांव मुंबईंतले जुने वनस्पतिसंग्राहक निम्मो यांच्या स्मरणार्थ आहे. १९७२ सालीं मुंबईंत गोरेगांव येथील सिबा संशोधन केंद्रांत डॉ. गोविंदाचारी आणि डॉ. विश्वनाथन यांनीं ह्या झाडाचें पृथक्करण केलें. त्यांत तेंच कॅम्प्टोथेसिन मिळालें, आणि तेंही चिनी वृक्षांतल्यापेक्षां कित्येक पटींनीं अधिक. ज्या झाडाकडे लोक नाक मुरडून पाहत, त्याच्या लाकडांत इतकें मोलाचें द्रव्य निघावें, ही गोष्ट आपणांस अभिमानाचीच वाटेल.

त्या झाडाच्या दृष्टीनें मात्र ती अरिष्टाची ठरली. इरिनोटेकान आणि टोपोटेकान यांना मागणी आली, आणि त्यांचें मूळद्रव्य आजही बव्हंशीं झाडांतूनच काढावें लागतें. नरक्याच्या पानांपेक्षां लाकडांत आणि मुळांत तें अधिक असतें. तेव्हां व्यापाऱ्यांनीं फांदी तोडण्यावर समाधान न मानतां झाडेंच्या झाडें तोडलीं, मुळेंही खणलीं, आणि ढलप्या पोत्यांत भरून रवाना केल्या. रानांतल्या माणसाच्या हातीं पडली ती मजुरी. औषधाच्या किंमतीशीं तिचा कांहीं मेळ नव्हता. पाहतां पाहतां सह्याद्रीच्या अनेक भागांतून नरक्या विरळ झाला.

हें केवळ आपल्याकडेच घडलें असें नाहीं. वॉल आणि वाणी यांनींच १९७१ सालीं टॅक्सॉल हें दुसरें द्रव्य जाहीर केलें. तें अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू नांवाच्या वृक्षाच्या सालींतून आलें. आज बीजाशयाच्या आणि स्तनाच्या कर्करोगावर तें फार मोठ्या प्रमाणावर वापरलें जातें. परंतु साल सोलली कीं वृक्ष मरतो, आणि शंभर वर्षांच्या एका वृक्षाच्या सालींतून मिळणारें औषध एका रोग्याच्या पूर्ण उपचारालाही पुरत नसे. एका बाजूला मरणाच्या दारांतला रोगी आणि दुसऱ्या बाजूला शंभर वर्षांचा वृक्ष, असा तो पेंच होता. तो फ्रेंच रसायनज्ञ पिएर पोतिए यांनीं सोडविला. युरोपांतील यू वृक्षाच्या पानांत टॅक्सॉलच्या जवळचें एक द्रव्य त्यांना मिळालें. त्याला प्रयोगशाळेंत उरलेला भाग जोडला कीं औषध तयार होई. पानें दर वर्षीं पुन्हां फुटतात. सालीवरून पानावर येणें म्हणजे भांडवल सोडून व्याजावर जगावयास लागणें होय. पुढें तर यू वृक्षाच्या पेशीच टाक्यांमध्यें वाढवून त्यांच्याकडून टॅक्सॉल करून घेण्याची पद्धति निघाली.

नरक्याच्या बाबतींत ही पायरी अजून पुरतीपणें चढावयाची आहे. पानांचाच उपयोग करावा, झाडांची रीतसर लागवड करावी, असे प्रयत्न चालू आहेत. २००५ सालीं भारतीय शास्त्रज्ञांनीं नरक्याच्या आंत राहणारी एक बुरशी स्वतंत्र वाढविली, तेव्हां तीही कॅम्प्टोथेसिन तयार करते असें आढळून आलें. ती पिंपांतून वाढवितां आली असती तर झाड वांचलें असतें. पण अशा बुरशा झाडाबाहेर पिढ्यानपिढ्या वाढविल्या कीं त्यांची ही शक्ति ओसरत जाते असा अनुभव आहे. कायद्याचें साहाय्यही मिळालें आहे. २००२ सालच्या जैवविविधता कायद्यानें, रानांतल्या द्रव्यावर जो व्यापार करील त्यानें त्या रानाच्या राखणदारांनाही लाभाचा वांटा दिला पाहिजे, हें तत्त्व मान्य केलें. पण कायदा कागदावरून डोंगरावर चढतो तो लोकांचें लक्ष असेल तरच.

श्रोतेहो, ही सर्व हकीकत ऐकून आपल्या घरापुरता काय बोध घ्यावयाचा? पहिली गोष्ट अगदीं व्यवहाराची. सदाफुलींतून कर्करोगाचें औषध निघतें हें खरें असल्यामुळेंच, तिच्या पानांचा रस रोग्याला पाजण्याचा मोह होतो. त्याचा हिशोब करून पाहा. एक ग्रॅम औषधासाठीं सुमारे ५०० किलो वाळलेलीं पानें लागतात. प्रौढ माणसाला व्हिन्क्रिस्टिनची एका वेळची मात्रा फार तर दोन मिलिग्रॅम देतात. म्हणजे तेवढ्यासाठींच वाळलेलीं किलोभर पानें हवींत. वाटीभर रसांत औषध नांवालाच असतें, आणि तेंही पोटांतून रक्तांत भरंवशानें पोंचत नाहीं. उलट सदाफुलींतलीं शंभराहून अधिक अल्कलॉइडें मात्र त्या रसांत बेहिशेबी असतात. त्यांतील कांहींनीं रक्तदाब उतरतो, कांहींनीं इतर अपाय होतात. शुद्ध औषधाचीही धार इतकी तीक्ष्ण आहे कीं, शिरेंतून देण्याचें व्हिन्क्रिस्टिन चुकून पाठीच्या कण्यांतील द्रवांत गेलें तर तें प्राणघातक ठरतें. अशा द्रव्याशीं अंदाजानें खेळतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट. रुग्णालयाचे उपचार चालू असतांना घरीं कोणताही काढा, चूर्ण किंवा रस देत असाल, तर तो डॉक्टरांपासून लपवूं नका. पुष्कळ घरांत, "ते रागावतील" म्हणून हें सांगितलें जात नाहीं. युरोपांत मनाच्या उदासीनतेवर सेंट जॉन्स वर्ट नांवाची एक वनस्पति घेतात. ती घेणाऱ्या रोग्यांच्या रक्तांत इरिनोटेकानचा कार्यकारी अंश लक्षणीय प्रमाणांत घटतो, असें प्रत्यक्ष मोजून पाहण्यांत आलें आहे. म्हणजे एका झाडाचें औषध दुसऱ्या झाडानें निकामी केलें! रोग्याला तें समजत नाहीं, आणि सांगितलें नसेल तर डॉक्टरांनाही समजत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कर्करोगांत वेळ हेंच मोठें धन आहे. प्रथम चार-सहा महिने पाल्याचें औषध करून पाहूं, मग रुग्णालयांत जाऊं, असें म्हणणाऱ्या माणसाचा हेतु वाईट नसतो. परंतु त्या चार-सहा महिन्यांत, जी गांठ शस्त्रक्रियेनें निघाली असती ती हाताबाहेर जाऊं शकते. झाडांवर ज्याची खरोखरी श्रद्धा आहे त्यानें, त्या झाडांतून अडतीस वर्षें खपून काढलेलें शुद्ध सत्त्व जेथें मोजूनमापून मिळतें, तेथेंच आपल्या माणसाला वेळेवर न्यावें.

आणि पुढच्या सुट्टींत महाबळेश्वरास किंवा आंबोलीस जाल तेव्हां, धुक्यांत उभ्या असलेल्या त्या नांव नसलेल्या झाडोऱ्याकडे जरा थांबून पाहा. त्यांतील बहुतेक झाडांची अशी कसून पारख अद्याप झालेली नाहीं. नरक्याची पारख झाली ती तो तेथें उभा होता म्हणून. ज्या झाडाचें पृथक्करण होण्याआधींच तें सरपणांत गेलें, त्याच्या पोटांत काय होतें हें कोणत्याही प्रयोगशाळेला पुढें कधीं सांगतां येणार नाहीं. आपल्या नातवंडांपैकीं कोणाला लागणारें औषध कदाचित् आज त्या उतारावर रोपाच्या रूपानें उभें असेल. तें तेथें उभें राहूं देणें, एवढें तरी आपल्या हातांत आहे.